ड्युटीवरचा डोळा

आमच्या खाडीची तब्येत तपासायची तर तीन गोष्टी लागतात. एक दोरी, एक तबकडी आणि माझी थोरली नणंद. दोरी दर दोन वर्षांनी बदलतात, तबकडीला दर वर्षी नवा रंग देतात. नणंद एकोणीस वर्षं तीच आहे.

खाडीच्या तळाशी गवत आहे. जमिनीवरच्यासारखंच, हिरवं, लांब पात्यांचं. त्यात मासे अंडी घालतात, म्हणून सगळी खाडी संरक्षित. पण गवत म्हटलं की ऊन आलं, आणि ऊन तळापर्यंत पोचायचं तर पाणी नितळ हवं. ते किती नितळ आहे हे दर मंगळवारी पाच पिवळ्या बोयांपाशी जाऊन बघायचं, हे आमचं काम. तबकडी जेवणाच्या ताटाएवढी, दोन भाग काळे, दोन पांढरे. बोटीच्या सावलीकडच्या बाजूने ती दोरीने हळूहळू खाली सोडायची. दिसेनाशी झाली की नणंद, म्हणजे आमच्या ताई, ओरडतात, "गेली!" दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ आहे, ती बोटांनी मोजून आकडा सांगतात. मग आणखी पाच-सहा गाठी सोडून वर ओढायची. पहिल्यांदा पुन्हा दिसली की, "आली!" तो दुसरा आकडा. दोन्हींच्या मधला आकडा म्हणजे त्या दिवशीचं पाणी. मी लिहिते. बोटीवरचे काका बोट सांभाळतात आणि दोघींच्याही बोलण्याला "बरोबर आहे" म्हणतात.

या "गेली"ने एकदा आमची फार पंचाईत केली होती. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या. मी बोटीत, कानाला फोन. पलीकडे चुलत दीर विचारत होते, "काय म्हणतेय काकू?" आणि माझ्या शेजारी ताई जीव तोडून ओरडल्या, "गेली!" तेवढ्यात फोन कटला. "आली" ऐकायला कोणी उरलंच नाही. संध्याकाळी दवाखान्यात अकरा माणसं चेहरे पाडून हजर. सासूबाई पलंगावर बसून चहात बिस्किट बुडवत होत्या. त्यांनी सगळ्यांकडे नीट बघून घेतलं आणि कोणाचे डोळे कोरडे होते ते अजून सांगतात.

ऑफिसात ताईंना सगळे दुर्बीणताई म्हणत. त्यांच्या तोंडावरही म्हणत, कारण त्यांना ते आवडायचं. मी या कामाला लागले तेव्हा मला आकडे मांडता यायचे, बाकी काही नाही. जे आलं ते ताईंच्या जुन्या नोंदवह्या वाचून आलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. आणि शाईने. पेन्सिलीने माणूस खोटं बोलायची सोय करून ठेवतो."

तर या दुर्बिणीच्या हिशेबाने गेली तीन वर्षं आमची खाडी गढूळ होत चालली होती.

आधी पाणी सहा-साडेसहा मीटर असायचं. मग साडेपाच झालं. मग साडेचार. यंदा साडेतीन. साहेबांनी भिंतीवर आलेख लावला होता, त्यातली रेघ जिन्यावरून घसरल्यासारखी खाली येत होती. लागोपाठ तीन वर्षं घसरण झाली की वरचं ऑफिस लाल शेरा मारतं. लाल शेरा म्हणजे खाडी आजारी. मग समित्या, मग बंदी, मग फलक. साहेब आलेखासमोर उभे राहून सुस्कारे सोडत. ताई म्हणत, "मी काय करू? दिसलं ते सांगते."

तेच तर होतं. दिसत नव्हतं.

मला पहिल्यांदा शंका आली ती बोटीत नाही, स्वयंपाकघरात. ताई आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात, जेवायला खाली येतात. एका दुपारी दाराच्या खुंटीला माझ्या नवऱ्याचा शर्ट टांगलेला होता. ताई त्याला म्हणाल्या, "उभा काय राहिलास? ये, ताट वाढलंय." शर्ट आला नाही. ताई चिडल्या, "लहानपणापासून असाच हट्टी." मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ताईचे डोळे? अगं, तिला मी न केलेल्या गोष्टीसुद्धा दिसतात."

मग मी बोटीत लक्ष ठेवायला लागले. ताई "गेली!" म्हणायच्या आणि मला तबकडी दिसत असायची. चांगली, ढळढळीत. आणखी चार-पाच गाठी दिसत राहील अशी.

"ताई, अजून दिसतेय की."

"तुला माहितेय ती तिथे आहे, म्हणून दिसतेय. हे ओळखीचं दिसणं आहे. त्याला विज्ञान म्हणत नाहीत."

काका म्हणाले, "बरोबर आहे."

एकदा त्यांनी तिसऱ्या बोयाकडे हात हलवला आणि म्हणाल्या, "ते कोण पोहतंय बघ, किती वेळ झाला, दमेल तो." मी त्या दिवशी घरी जाऊन विषय काढला. आडूनच काढला. म्हटलं, माझे डोळे हल्ली चुरचुरतात, आपण दोघी एकदा तपासून येऊ. ताई म्हणाल्या, "तू जा. माझे डोळे गेले तर मी बोटीत कशाला जाऊ? मग मी घरी बसेन आणि दिवसभर तुझा स्वयंपाक बघेन." हे त्या गमतीने म्हणाल्या, पण त्यांचा हात ताटावर थांबला होता. नियम त्यांनाही माहीत होता. नजरेत दोष असलेल्या माणसाला तबकडीवर ठेवत नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. त्यांचं जे काही होतं ते त्या बोटीच्या सावलीकडच्या बाजूला होतं.

मी पुन्हा विषय काढला नाही. मात्र त्या मंगळवारपासून ताईंचा आकडा शाईने लिहिला की त्याच्या शेजारी, समासात, दोरी पुढे सुटताना मला जो दिसायचा तो बारीक पेन्सिलीने लिहायला लागले. का, ते मलाही सांगता आलं नसतं. ताईंना पकडून द्यायचं नव्हतं आणि खाडीवर आळही घ्यायचा नव्हता. दोन्हीकडे पाय ठेवून बोटीत उभं राहता येत नाही हे बोटीतच बसून मला कळत नव्हतं.

मग वरच्या ऑफिसने पाण्याची डॉक्टर पाठवली. तिशीतली मुलगी, पाठीवर पिशवी, बोलायला गोड. डॉक्टर म्हटल्यावर पहिल्या दिवशी काकांनी तिला आपली कंबर दाखवली. ती म्हणाली, "काका, मी पाण्याची डॉक्टर." काका म्हणाले, "बरोबर आहे. पण पाण्यातच धरली होती."

तिच्याकडे एक यंत्र होतं. पाण्यात सोडलं की किती उजेड पोचतो ते पडद्यावर आकड्यात दाखवायचं. पहिल्या बोयापाशी यंत्र म्हणालं, पाणी नितळ, तबकडी सहा मीटरपर्यंत दिसायला हवी. ताई म्हणाल्या, साडेतीन.

डॉक्टरबाईंनी यंत्र पुसलं, पुन्हा सोडलं. सहा.

"बिघडलंय," ताई म्हणाल्या.

"नवीन आहे हो ताई."

"म्हणूनच. अजून पाण्याची सवय नाही त्याला."

तुम्हाला वाटेल, इथे सगळं उघड झालं असेल. कसलं काय. परत आल्यावर साहेबांनी दोन्ही आकडे ऐकले, आलेखाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि यंत्र दुरुस्तीला पाठवलं. एकोणीस वर्षांची दुर्बीण एकीकडे आणि कालपरवा खोक्यातून निघालेली डबी एकीकडे, यात विचार करण्यासारखं होतंच काय! पंधरा दिवसांनी यंत्र परत आलं. सोबत चिठ्ठी, दोष नाही. साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, "दोष सापडला नाही म्हणतायत. म्हणजे आतला दिसतोय." यंत्र पुन्हा गेलं. दुसऱ्या वेळी चिठ्ठीवर कोणीतरी लाल शाईत लिहिलं होतं, कृपया पुन्हा पाठवू नये.

या वेळी मात्र डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "मंगळवारी मी पण येते. आपण तिघीही बघू."

तो मंगळवार मला अजून आठवतो. चौथा बोया. वारा नाही, पाण्यावर एक सुरकुती नाही. ताईंनी तबकडी सोडली. तीन गाठी, पाच गाठी, सात.

"गेली!"

डॉक्टरबाईंनी वाकून बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तुम्हाला?"

काकाही मला वहिनीच म्हणतात, त्यामुळे हिने तेच उचललं होतं. मी वाकले. तबकडी खाली अशी दिसत होती, की तिच्यावर जेवण वाढावं. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या, दोरीकडे बघत होत्या. दोरी धरलेली बोटं पांढरी पडली होती. तेव्हा मला कळलं की त्यांना कळलंय. कदाचित माझ्याआधीपासून.

"गेली," मी म्हटलं.

आयुष्यात इतक्या वाईट पद्धतीने कोणी खोटं बोललं नसेल. काकांचंसुद्धा "बरोबर आहे" अर्ध्यातच अडकलं. ताईंनी नेहमीप्रमाणे दोरी पुढे सोडली, दोन गाठींनंतर तबकडी मलाही दिसेनाशी झाली. मी पटकन नोंदवही उघडली, शाईने साडेतीन लिहिलं, आणि हात सवयीने समासात गेला. पेन्सिल. साडेचार.

डॉक्टरबाईंची मान माझ्या खांद्यावरून पुढे आली. "हे बारीक काय आहे?"

"काही नाही. हिशेब... घरचा."

"बघू," ताई म्हणाल्या. त्यांनी वही हातात घेतली. नाकापाशी नेली, लांब धरली, उजेडाकडे केली. पानं उलटली. समासातली माझी पेन्सिल त्यांना एकाही पानावर दिसली नाही. वही माझ्याकडे परत दिली आणि म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. तारीख, बोया, त्यांचा आकडा, माझा आकडा. साडेचार, सहा. चार, साडेसहा. साडेतीन, सहा. चार पानं वाचली असतील. बोट आपली आपली फिरत होती, काकांनी सुकाणू सोडून टोपी हातात घेतली होती.

"कधीपासून?"

"सोळा महिने झाले."

ताईंचा असा आवाज चढला की बोयावरचा बगळा उडाला. "सोळा महिने! दिसलं ते लिहायचं म्हणून शिकवलं तुला मी, आणि तू पेन्सिलीने लिहिलंस? शाईने लिहायला काय झालं होतं?"

मी रडायला लागले. डॉक्टरबाईंना वाटलं मी ओरडा बसला म्हणून रडतेय, त्यांनी मला पाण्याची बाटली दिली. काका म्हणाले, "बरोबर आहे," पण नेमकं कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. उजवा पूर्ण पिकलेला, डावा अर्धामुर्धा. "उजव्याने कधीच राजीनामा दिलाय," ते म्हणाले, "काम सगळं डावाच ओढत होता."

ताई म्हणाल्या, "एकोणीस वर्षं समुद्रात घालवली, एक मोती हाताला लागला नाही. आणि हे बघा, कुठे सापडले."

आधी उजव्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ताईंनी पहिल्यांदा आमच्या घराकडे पाहिलं, आणि ते आम्हाला फार महागात पडलं. तीन वर्षांची जळमटं त्यांना एका दुपारी दिसली. नवऱ्याला शिडीवर चढवलं. "तो शर्ट आहे ना? मग तो खुंटीवर का? आणि तू हा एवढा टकला कधी झालास?" मग माझ्यापाशी येऊन हनुवटी वर केली. "अगं, तू म्हातारी झालीस."

"तुम्हीसुद्धा, ताई."

"मी तर आधीपासूनच होते. तू कधी झालीस ते मला कळायला हवं होतं." आणि माझ्या केसांवरून उगाच हात फिरवला.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. ते खरंच वाईट वाटून बोलत होते. नियम आहे, ताई. तबकडीवर नाही ठेवता येणार. रेकॉर्ड खोलीत एक टेबल आहे, खिडकीजवळचं, पंखा आहे. त्यांनी स्टेपलरसुद्धा नवा मागवला होता. आणि तीन वर्षांचे आकडे रद्द करावे लागतील.

"रद्द?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "तीन वर्षांचा सलग तपशील आहे तो."

"पण चुकीचा ना."

"चुकीचा आहे," ताई म्हणाल्या, "पण एकाच डोळ्याने चुकलेला आहे. आणि तो डोळा अजून माझ्याकडे आहे."

साहेबांना समजलं नाही. मलाही नाही. ताईंनी नवा उजवा डोळा हाताने झाकला, डावा साहेबांवर रोखला. "ते आकडे याने बघितलेत. आता दोन्ही डोळे घेऊन बोटीत जाते. नव्याने बघते, जुन्याने बघते, शेजारी ही बघेल. जुना किती खातो ते कळलं की मागचे आकडे सरळ करता येतील. हा काढून टाकलात की संपलं. मग तुमचं यंत्र दहा वेळा दुरुस्तीला पाठवा, मागचं पाणी ते कसं बघणार?"

डॉक्टरबाई खुर्चीवरून उठल्याच. "साहेब, त्या अगदी बरोबर बोलतायत! हा डोळा म्हणजे... हा डोळा म्हणजे आपलं उपकरण आहे!"

साहेबांनी कपाटातून नियमांची फाइल काढली. नजरेत दोष असलेल्या माणसाबद्दल नियम होता. दोष असलेल्या उपकरणाबद्दलही होता, त्याची चूक मोजेपर्यंत त्याला जागेवरून हलवू नये. साहेबांनी दोन्ही नियम वाचले आणि फाइल बंद केली. नवा स्टेपलर त्यांनी स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतला.

पुढचे दोन महिने बोटीत जे चाललं ते दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर आम्हाला किनाऱ्यावर उतरू दिलं नसतं. डाव्या डोळ्यावर काळी पट्टी, तबकडी खाली, "गेली!" वर, "आली!" मग पट्टी उजव्यावर, पुन्हा तेच. मग माझी पाळी. मग यंत्राची. काका म्हणाले, "ताई, आता फक्त खांद्यावर पोपट हवा." ताई म्हणाल्या, "बसलाय की सुकाणूवर. एकच वाक्य येतं."

डोळ्यांच्या दवाखान्यातून दर आठवड्याला फोन यायचा, दुसरा डोळा कधी आणताय? ताई फोन माझ्याकडे द्यायच्या आणि सांगायच्या, "सांग त्यांना, डोळा ड्युटीवर आहे." एकदा तिथल्या नर्सने मला हळूच विचारलं, पेशंटची मनःस्थिती कशी आहे. मी म्हटलं, आत्ताच सव्वातीन मीटरवर आहे.

डॉक्टरबाईंनी गणित मांडलं. माझी सोळा महिन्यांची पेन्सिल त्यात कामी आली. ताईंनी ती माझ्याकडून शाईने गिरवून घेतली, प्रत्येक आकड्याखाली सही करून. त्याच्या आधीचे जे आकडे होते ते पक्के सरळ करता येईनात. डॉक्टरबाई चाचरत म्हणाल्या, "ताई, त्यांच्यापुढे 'शंकास्पद' असा शेरा मारावा लागेल. मी मारते, तुम्ही नका..."

"द्या इकडे," ताई म्हणाल्या. वीस महिन्यांच्या पानांवर, प्रत्येक मंगळवारपुढे, त्यांनी स्वतःच्या हाताने तो शब्द लिहिला. पहिली पाच-सहा पानं त्यांनी सावकाश, वळणदार लिहिली. नंतर त्या वैतागल्या आणि म्हणाल्या, "याहून आखूड शब्द नव्हता का?"

आणि निकाल? खाडी बरी होती. चार बोयांपाशी पाणी होतं तसंच, सहा-साडेसहा. पण चौथ्यापाशी नाही. तिथे मला, नव्या डोळ्याला आणि यंत्रालाही साडेचारच दिसत होतं. तिथल्या टेकडीमागे नवा रस्ता होत होता आणि उकरलेली माती ओढ्यातून थेट तिथे उतरत होती. सगळंच गढूळ दिसत होतं तोवर ते एक गढूळ कोणाच्या डोळ्यांत भरलं नव्हतं. लाल शेरा एकट्या चौथ्याला मिळाला, मातीला बांध घालायचा हुकूम निघाला. साहेबांनी भिंतीवरचा आलेख काढून नवा लावला. ताईंनी तो जवळून बघितला, मग लांबून बघितला, आणि म्हणाल्या, "रेघ वाकडी काढलीय." खरंच वाकडी होती.

मग डाव्या डोळ्याला ड्युटीवरून मोकळं केलं. दवाखान्यात जायच्या आदल्या मंगळवारी पाचव्या बोयापाशी ताईंनी त्याच्यासाठी शेवटची तबकडी सोडली. "गेली," म्हणाल्या, नेहमीसारखं ओरडून नाही. वर ओढताना खूप वेळ लावला. मी फोन बंद करून ठेवला होता, उगाच कोणी अकरा जण यायला नकोत.

आता त्यांचे दोन्ही डोळे नवे आहेत. वरच्या ऑफिसने अट घातली, दर सहा महिन्यांनी नजर तपासायची आणि आकडा नेहमी दोघींनी घ्यायचा. ताईंना अट मान्य आहे. मला ती अट इतकी महागात पडेल असं वाटलं नव्हतं.

परवाच्या मंगळवारी पहिला बोया. माझी पाळी होती. तबकडी दहाव्या गाठीपाशी धूसर झाली, अकराव्याला विरघळली.

"गेली," मी म्हटलं.

"कुठे गेली?" ताई माझ्या खांद्यावरून वाकल्या. "ही काय! चांगली ताटासारखी दिसतेय."

"तुम्हाला माहितेय ती तिथे आहे, म्हणून दिसतेय."

"अजून दोन गाठी सोड. आणखी एक. हं, आता गेली." त्यांनी माझी हनुवटी धरून माझा चेहरा उन्हाकडे वळवला, एक डोळा बघितला, दुसरा बघितला. काका टोपी काढायच्या बेतात होते.

"उद्या दवाखान्यात जायचंय," ताई म्हणाल्या. "आता लिही. तुझे साडेपाच, माझे सात."

मी वही उघडली. त्यांनी आधी माझ्या हातातलं पेन बघून घेतलं.